माझ्या गळ्यात गायलेला ढावलो

आमच्या हॉलमध्ये बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे. लहानपणी पप्पा त्या माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे. भानामती, लागीर, नजर असलं काही आमच्याकडे कोणी बोललं, की पप्पा त्याला चहा पाजतात आणि चहा संपेपर्यंत त्याच्याशी वाद घालतात. मी त्यांचीच पोरगी. यवतमाळला ज्युनिअर कॉलेजवर फिजिक्स शिकवते. या पेजवरचे भुताखेताचे अनुभव वाचते, हसते, बहिणीला फॉरवर्ड करते... आणि आज स्वतःच लिहायला बसले आहे. हसा खुशाल. फक्त अमक्या बाबाकडे न्या, तमका धागा बांधा, हे कमेंटमध्ये सांगू नका. ते सगळं नातेवाईकांचं करून झालं आहे, आणि माझं डोकं आधीच फिरलेलं आहे.

अमरावतीला हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही तिघी होतो — मी वैशाली, नेरची रुबीना आणि घाटंजीकडच्या तांड्यावरची पल्लवी. पल्लवी बंजारा समाजाची, आईबापाला एकुलती एक. आईला ती याडी म्हणायची, त्यांच्या बोलीत आईला तसंच म्हणतात. आम्ही दोघी त्यांना काकू म्हणायचो. काकूंचा डबा एसटीनं यायचा आणि तो पल्लवीच्या आधी आम्हीच फस्त करायचो. काकू चिडायच्या नाहीत, पुढच्या वेळी डबा मोठा यायचा.

पल्लवी पुढं पुण्याला आयटीत गेली. लग्न ठरलं ते दिग्रसच्या मुलाशी, तोही पुण्यातच नोकरीला. मग तिच्या ऑफिसमधल्या ईशानं बॅचलरेटचं काढलं. गोव्याची तिकिटंसुद्धा बघून झाली होती. पल्लवीच्या वडिलांनी फोनवर एवढंच विचारलं, "गोव्याले? कायले?" त्या "कायले"चं उत्तर पल्लवीला देता आलं नाही, म्हणून यवतमाळ ठरलं. ईशा म्हणाली, "अगं पण यवतमाळमध्ये आहे काय?" मला लागलंच ते. म्हटलं, ये तू, दाखवते.

आता ढावलो म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. बंजारा समाजात नवरी सासरी जाताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते. आईच्या, बापाच्या, भावाच्या. नुसतं रडणं नसतं ते, त्याला सूर असतो, शब्द असतात, आणि म्हाताऱ्या बायका ते आधीपासून शिकवतात. हल्लीच्या पोरींना येत नाही. पल्लवीला तर त्याची लाजच वाटायची. "माझं लग्न आहे बे, मयत नाही," असं ती काकूंच्या तोंडावर म्हणाली होती. काकूंनी बाकी सगळं ऐकलं — डीजे, केक, पुण्याचा मेकअपवाला. एवढंच म्हणाल्या, "बाकी तुह्या मनाचं कर बेटा. मले ढावलो पायजे. मी माह्या याडीले देल्ला, तू मले दे." एवढं एकच मागणं होतं त्या बाईचं.

शेवटी पल्लवी तयार झाली. सुट्टीत तांड्यावर येऊन तिच्या नानीकडून शिकायला लागली. हसून हसून सांगायची आम्हाला, "नानी मले घराच्या खांबाले मिठी मारायले लावते. शिकताना माणसाले मिठी नाही मारायची म्हणे. मी खांबाले याडी म्हणून राह्यली, विचार कर!" सरावाला डोक्यावर घ्यायची म्हणून काकूंनी आपली जुनी ओढणी तिच्या बॅगेत घातली होती. लाल, आरशांची, कडेला कवड्या. त्यांच्या स्वतःच्या लग्नातली.

ईशा शुक्रवारी धामणगावला उतरली, आम्ही गाडी घेऊन आणायला गेलो. शनिवारी सकाळी बसस्टँडजवळच्या गाडीवर तर्री-पोहे. ईशानं ऐटीत तर्री वाढवून मागितली आणि मग नाक पुसत पुसत व्हिडिओ काढला. पल्लवीच्या अंगावर "ब्राइड टू बी"चा गुलाबी पट्टा होता. दत्त चौकात एका म्हाताऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "कोन्त्या पार्टीकून उभी आहे वो ते बाई?" आम्ही रस्त्यात बसून हसलो. तिथून शकुंतला रेल्वेच्या बंद स्टेशनवर फोटो, मग बाजारात बांगड्या, मग सावजी मटणाचं पार्सल घेऊन माझ्या मामेभावाच्या आर्णी रोडवरच्या रिकाम्या फ्लॅटवर. खरं सांगते, एवढी मजा मला बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

दुपारी ईशानं कॉकटेल बनवले. पुण्याहून जीन आणली होती, त्यात आपल्या संत्र्याचा रस आणि मी आणलेलं मोहाचं सरबत. रुबीना पीत नाही, ती लिंबू-सोड्यावर. मी एक ग्लास घेतला — एकच. कमेंटमध्ये सगळ्यात आधी तेच येणार आहे म्हणून लिहून ठेवते.

मग ईशाच्या डोक्यात आलं. "पल्लवी, ते तुमचं रडायचं गाणं म्हण ना. रील करू, बाप्पा, व्हायरल जाईल." बाप्पा म्हणायला ती सकाळीच शिकली होती. पल्लवी आधी नाही नाही म्हणाली. ईशानं सोडलं नाही. "अगं रड ना, लग्न करतेयस, कारण तर आहे." मग टिश्यूवर लिपस्टिकनं लिहून चिठ्ठ्या केल्या — आई, भाऊ, सासू. मला आई आली. ईशानं बॅगेतली ओढणी ओढली, माझ्या डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत खेचली आणि म्हणाली, "झाली याडी तयार!" रुबीनानं मोबाइल धरला.

पल्लवी माझ्या गळ्यात पडली. सुरुवातीला नुसता फाजीलपणा. "याडी येऽऽऽ, मले थ्री बीएचके नाही भेटला येऽऽऽ..." ईशा हसून लोळत होती. मीही ओढणीच्या आत हसत होते, आरसे गालाला टोचत होते.

आणि मग तिचा आवाज उतरला.

कसं सांगू... आवाज पल्लवीचाच होता, दुसरं कोणी बोलत नव्हतं, डोळे पांढरे झाले नाहीत, लाइट गेले नाहीत. पण थट्टा त्यातून निघून गेली. ती गायला लागली. लांब, खालचा सूर, एका दमात, मग हुंदका, मग पुन्हा "याडी येऽऽऽ". शब्द सगळे गोरबोलीतले, म्हणजे बंजारांच्या बोलीतले, आणि पल्लवीला गोरबोली धड बोलताही येत नाही, घरी बाप ओरडला तर ती मराठीत उत्तर देते. तिचं सगळं वजन माझ्या अंगावर आलं. खांदा भिजला. मला एक अक्षर समजत नव्हतं आणि मी रडत होते.

ईशा थोडा वेळ हसतच राहिली. मग उठून बसली. रुबीना म्हणाली, "बस कर यार... ये सच्ची में रो रही है." पल्लवी थांबली नाही. समोरच्या जिनिंगच्या भिंतीवरचं ऊन खाली उतरलं तरी गात होती. रुबीनाच्या मोबाइलची बॅटरी संपली.

संपलं तेव्हा तिनं नाक पुसलं, ओढणी माझ्या डोक्यावरून काढून नीट घडी घातली आणि शेव खायला बसली. "अशा काहून पाहून राह्यल्या बे? थ्री बीएचकेचा जोक आवडला नाही?" तिला तेवढंच आठवत होतं. आम्ही एकमेकींकडे बघितलं. ईशा म्हणाली, जीन स्ट्राँग झाली. आम्हाला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. रात्री सगळ्या गाढ झोपलो.

रविवारी तिला तांड्यावर सोडायला गेलो. गाडीचा आवाज ऐकून काकू अंगणात आल्या, हाताला पीठ. पल्लवी उतरली, त्यांच्याकडे बघून छान हसली आणि हात जोडले.

"नमस्कार काकू."

मी काकूंना जसं म्हणते ना, हॉस्टेलपासून, तसंच. तोच हेल. काकूंना वाटलं पोरगी मस्ती करते. "काय वो काकूवाली! जाय, हातपाय धुवून घे." पल्लवी आत गेली. आतून तिच्या हाका ऐकू आल्या. "याडी! ओ याडी!" ह्या खोलीतून त्या खोलीत. मागच्या दारातून गोठ्यात. बापू, म्हणजे तिचे वडील, खाटेवर होते, त्यांना विचारलं, "बापू, याडी कुठी गेली?" बापू म्हणाले, "आंधळी झाली काय? ते काय समोर उभी." पल्लवीनं काकूंकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघून हसतो तसं हसली, आणि पुन्हा शोधायला लागली. तिचा चेहरा रडवेला झाला होता, जत्रेत हरवलेल्या पोरीसारखा. मग तिची नजर गाडीजवळ उभ्या असलेल्या माझ्यावर पडली.

"तू इथं आहे होय," ती म्हणाली. "मी आत शोधून राह्यली."

आणि शांत झाली. शोधणं बंद. काकूंच्या हातावरचं पीठ तसंच वाळत होतं.

आधी सगळ्यांना वाटलं, ढावल्यावरून भांडण झालं होतं, त्याचा राग काढते आहे. काकूंनी तर तिची माफीसुद्धा मागितली. "नको गाऊ बेटा. मी नाही म्हनत आता गायले. पन अशी नको करू." पल्लवीला ते कळलंच नाही. ती उलट काकूंना पाणी आणून देत होती, "बसा काकू, दमल्या तुम्ही," म्हणत होती. राग असता तर बरं झालं असतं. रागात निदान माणूस समोरच्याला ओळखतो तरी.

नागपूरला नेलं. डोक्याचे फोटो काढले, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, आणि चार प्रश्न विचारून स्वतःच म्हणाले की त्यात असं नसतं. बाप ओळखते, नानी ओळखते, शेळीचं नावसुद्धा आठवते. फक्त आई नाही. "तुझी आई कोण?" विचारलं की ती वैतागायची, "हा काय प्रश्न झाला?" लहानपणीचा अल्बम दाखवला. तिनं तो मन लावून बघितला. मग मला हळूच विचारलं, "वैशू, बापूकडे राहतात त्या काकू माह्या सगळ्याच फोटोत कशा काय? आणि मले कडेवर काहून घेतलं त्यायनं?" काकू शेजारीच बसल्या होत्या.

मला आता दर संध्याकाळी तिचा फोन यायला लागला. आधी महिन्यातून एकदा बोलायचो आम्ही. आता रोज. हाक वैशूच, पण चौकशी लेक आईची करते तशी. जेवली का, काय केलं भाजीला, पाय दुखतो का अजून. माझा पाय कधीच दुखत नव्हता. दुखतो तो काकूंचा. एकदा मी ठरवून, मन घट्ट करून सांगितलं, "पल्लवी, ऐक. मी तुझी मैत्रीण आहे. त्या तुझ्या आई आहेत."  मग ती रडायला लागली. लहान मूल रडतं तसं. "मी काय केलं? तू मले अशी टाकून काहून देऊन राह्यली?" पुन्हा कधी हा विषय काढायची माझी हिंमत झाली नाही. हिंमत असेल त्यानं काढून दाखवावा.

लग्न झालं. पत्रिका वाटल्या होत्या, मुलाकडच्यांना काकू कोण नि काय ह्यानं फरक पडत नव्हता, आणि पल्लवी बाकी सगळ्या बाबतीत ठणठणीत होती. मी जाणार नव्हते. काकूंनीच गळ घातली. "तू नाही आली तं ते मांडवात नाही बसनार. ये बाई माह्यासाठी."

निरोपाची वेळ आली. तांड्यातल्या बायका गोल करून उभ्या राहिल्या. काकू मधोमध, डोक्यावर तीच लाल ओढणी. नानीनं पल्लवीचा हात धरून तिला काकूंसमोर आणलं आणि सूर धरून दिला. काकूंनी दोन्ही हात पसरले. मला वाटलं, आता होईल. ओढणी तीच, सूर तोच, हजार वर्षांची रीत... मी, फिजिक्सची मास्तरीण, मनात कोणाला तरी हात जोडत होते.

पल्लवी नानीला म्हणाली, "माहा ढावलो तं झाला ना. दोनदा कोन देते?" काकूंच्या पसरलेल्या हातांना तिनं वाकून नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तसा. "येतो काकू. खूप केलं तुमी." आणि गोल फोडून सरळ माझ्याकडे आली, माझ्या गळ्यात पडली. एक शब्द नाही, नुसती घट्ट मिठी. सगळा तांडा बघत होता. तिच्या खांद्यावरून मला काकू दिसत होत्या. त्यांचे हात तसेच पसरलेले होते, कोणीतरी बाईनं ते धरून खाली केले. मागून आवाज आला, "हिनंच नेली पोरगी." 

नानीला विचारलं मी नंतर, खांबाचं काय ते. ती म्हणाली, "आमाले असंच शिकवलं, मी तसंच शिकवलं. काहून ते कोनालेच मालूम नाही." ईशानं थ्री बीएचकेच्या जोकचं टाकलेलं रील डिलीट केलं आणि आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप सोडला. त्याआधी तिला त्या रीलवर भरपूर हसणारे चेहरे मिळाले होते.

लग्नानंतर काही दिवसांनी काकू एसटीनं माझ्याकडे आल्या. डबा घेऊन. प्रतिज्ञांच्या फ्रेमखाली सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तो यिडिओ दाखव मले." मी टाळायला बघितलं. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, माझ्यापुढं ठेवलं आणि हात पुढं केला. मग रुबीनानं पाठवलेला व्हिडिओ लावून मोबाइल दिला.

त्यांनी सगळा बघितला. मध्ये मध्ये थांबवून मला अर्थ सांगत होत्या, जणू मी विचारलं होतं. "इथं म्हन्ते, याडी, मले ताप होता तवा तू पांदनीनं घाटंजीपावतर नेलं, तुह्या पायाले काटा मोडला तरी खाली ठेवलं नाही. ते पोट्टी तवा सहा महिन्याची होती वो बाई. मी कधी सांगतलं नाही तिले." असं एकेक. तिला कधीच न सांगितलेल्या गोष्टी, ज्या फक्त काकूंना माहीत होत्या. सगळं जसंच्या तसं. काकू रडल्या नाहीत. शेवटी त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. रुबीना माझ्या मागून शूट करत होती, त्यामुळे माझं तोंड दिसतच नाही. दिसते ती फक्त ओढणी, आणि तिच्याभोवती पल्लवीचे हात.

"पाठमोरी मीच दिसून राह्यली ना?" त्यांनी विचारलं.

"हो काकू," मी म्हटलं. "तुम्हीच आहात."

तेव्हापासून त्या बाजारच्या दिवशी येतात आणि पल्लवीच्या फोनच्या वेळेपर्यंत थांबतात. मी स्पीकर लावते. त्या बोलत नाहीत, नुसत्या ऐकतात. "जेवली का? बीपीची गोळी घेतली का?" पल्लवी विचारते. मला बीपी नाही. मी काकूंकडे बघते, त्या मान हलवतात, आणि मी सांगते, "घेतली." पल्लवीचा आवाज एवढा मायेचा असतो, की मला तो चोरल्यासारखा वाटतो. पण परत कोणाला करायचा आणि कसा, ते मला कोणी सांगितलेलं नाही.

मागच्या खेपेला काकूंना राहवलं नाही. पल्लवी सर्दीनं खोकली आणि यांच्या तोंडून निघून गेलं, "बेटा, काढा घे वो."

पल्लवीचा खोकला थांबला. मग, "वैशू, कोन आहे?"

"काकू आल्या आहेत," मी म्हटलं.

"हो का? बरं झालं." तिचा आवाज मनापासून होता, तेच तर वाईट. "त्यायले जप बरं तू. त्यायले सोताचं लेकरू नाही ना कोनी."

फोन ठेवला.   काकू खूप वेळ डब्याचं झाकण लावत बसल्या, ते लागत नव्हतं. मग मला विचारलं, "काय म्हने ते? मले नीट नाही आयकू आलं."

स्पीकर मोठा होता. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

"तुमची चौकशी करत होती काकू," मी म्हटलं. "तब्येत कशी आहे म्हणाली."

"म्हने ना?" काकू म्हणाल्या, आणि पदर सावरून एसटीसाठी उठल्या.